चप्पल शोधणारे आजोबा

आमच्या सासूबाई चुकीच्या जागी हसायच्या. टीव्हीवर विनोद झाला, मागून त्या आधीच भरून ठेवलेल्या हसण्याच्या आवाजाचा फवारा आला, खोलीतली सात-आठ माणसं खोखो हसली, की या मख्ख चेहऱ्याने बसलेल्या. मग सगळे गप्प व्हायचे, पडद्यावर कोणीतरी गंभीर होऊन काही सांगत असायचं, आणि नेमकं तेव्हा यांना हसू फुटायचं. तेही साधंसुधं नाही. पदर तोंडाला, खांदे गदागदा, डोळ्यांतून पाणी. "आई, आता काय झालं हसायला?" माझा नवरा विलास वैतागून विचारायचा. त्या हातानेच 'तुमी बगा' अशी खूण करायच्या आणि पुन्हा हसायच्या.

मी नवी सून. मला वाटलं, बाईंना विनोद उशिरा कळतो. तेव्हा माझ्या डोक्यात हवा जरा जास्तच होती. डी.एड. करून आले होते ना! वज्रेश्वरीजवळच्या आमच्या गावातून भिवंडीत लग्न होऊन येणारी मी शिकलेली मुलगी, आणि या अंजूरच्या, चौथीतून शाळा सुटलेल्या. मी मनातल्या मनात त्यांना गुण देऊन मोकळी झाले होते. आज त्याची इतकी लाज वाटते म्हणून सांगू!

घर आमचं वर, खाली कारखाना. आठ लूम, म्हणजे यंत्रमाग. त्यांचा खडखडाट फरशीतून वर यायचा, भांड्यांना कंप सुटायचा, आणि घरातलं प्रत्येक माणूस ओरडूनच बोलायचं. पहिला महिनाभर मला वाटत होतं की या घरात सतत भांडण चालू आहे. नंतर कळलं, ते एकमेकांना भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगताहेत. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी सगळे सवयीने ओरडायचे आणि मग स्वतःच दचकायचे.

सासूबाई तीस वर्षं खाली कांडी मशीनवर बसल्या होत्या. धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत भरायचं हे त्यांचं काम. पाय मशीनशी, नजर सगळ्या कारखान्यावर. कारागीर लांबून नुसते ओठ हलवायचे आणि यांना कळायचं कोणाला काय हवंय. "अम्मा से कुछ छुपता नहीं," असं आमचा जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती करणारा मिस्त्री, प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. घरातल्यांना त्यांच्या कानाचा फार अभिमान. लूमचा आवाज जरासा बदलला तरी आईला जॉबरच्या आधी कळतं, हे माझ्या मोठ्या दिरांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं. आणि खरंच, त्या उठायच्या, एखाद्या लूमच्या चौकटीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "हा आज सांजच्याला बसल." संध्याकाळी तो लूम हमखास बंद पडायचा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. स्वयंपाकघरातून, जिन्यातून, पाठीमागून काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. दोनदा-तीनदा हाक मारली की वळायच्या आणि म्हणायच्या, "म्होरं ये, मंग बोल." मी समोर जाऊन उभी राहायचे. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मला वाटायचं, काही लागलंय की काय. रोज दहा वेळा ओठ पुसायचे मी. आईला फोनवर सांगितलं सुद्धा, "सासू फार तोऱ्याची आहे गं, हजेरीला उभं केल्यासारखं समोर उभं करते."

आता त्या मालिकेबद्दल. नाव सांगत नाही, कारण आमच्या घरात तिला नाव नव्हतंच. सगळे 'मंगळवारचं' म्हणायचे. एक मोठं कुटुंब, लहान घर आणि दर वेळी नवा गोंधळ. त्यातला एक भाग असा गाजला की ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांना अजून पाठ आहे. मुलीला बघायला पाहुणे येतात. घरात साखर नाही, खुर्ची मोडलेली, वडील बाथरूममध्ये अडकलेले, आणि प्रत्येक जण पाहुण्यांना वेगळी थाप मारतो. शेवटी मुलाचा बाप चिडून विचारतो, तुमच्या घरात आहे तरी काय? तेव्हा मुलीची आई शांतपणे म्हणते, "आमच्याकडे सगळं आहे, फक्त जागेवर नाही."

झालं! ते वाक्य आमच्या गल्लीत वर्षभर चाललं. जॉबरला पाना सापडेना की तो मराठीत हेच म्हणायचा. दिरांचा चष्मा, विलासची गाडीची चावी, माझ्या पोळ्यांचा गोल आकार, सगळ्याला तेच एक वाक्य. तो भाग पुन्हा लागला की शेजारपाजारचेही येऊन बसायचे. वाक्य यायच्या आधीच सगळे एका सुरात म्हणून टाकायचे आणि टीव्हीतल्या बाईला बोलायला जागाच ठेवायचे नाहीत. सासूबाई त्या वाक्याला एकदाही हसल्या नाहीत. त्या हसायच्या आधी, मध्ये आणि नंतर.

एका शुक्रवारी मला कारण कळलं. एरवी शुक्रवारी त्या घरात थांबायच्याच नाहीत. लूम बंद झाले की पिशवी उचलून रिक्षाने अंजूरला भावाकडे. मला वाटायचं, माहेरची ओढ. त्या शुक्रवारी पाय मुरगळला म्हणून घरी होत्या. दुपारची वेळ, पुरुषमंडळी बाहेर गेलेली, घरात चिडीचूप शांतता. मी भांडी आवरून खोलीत आले तर टीव्हीवर तोच भाग लागलेला आणि या एकट्याच पदर तोंडाला लावून हसताहेत. मी दारातच थबकले. टीव्हीला आवाज नव्हता. रिमोट त्यांच्या मांडीखाली दाबला गेला होता आणि पडद्यावर आवाज बंद असल्याची खूण दिसत होती. त्या खुणेचा अर्थ त्यांना कधी कळलाच नसावा.

मी रिमोट उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या खुणेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हसू जागच्या जागी मेलं.

"आई, तुम्हाला ऐकू...?" मी अर्धवटच विचारलं. समोर उभी होते, त्यामुळे त्यांना कळलं.

"कुनाला सांगू नको," त्या म्हणाल्या. माझं मनगट घट्ट धरलं होतं त्यांनी. "धा वरसां झाली. लूमनी खाल्ला कान. पोरांना समजला तं मना खाली जाऊ देयाचे न्हायत. म्हंतील, आई, बस आता वर. आन वर बसून करू काय? माज्यासमोर माजीच गोष्ट करतील आन मना इचारनार पन न्हायत."

मग कानाचं काय? तो प्रसिद्ध कान? त्यांनी मला तळहात दाखवला. लूम बिघडणार हे त्यांना कानाने नाही, हाताने कळायचं. आणि शुक्रवारची माहेरची ओढ वगैरे काही नव्हती. गोंगाटात सगळेच बहिरे असतात, तिथे यांचं निभून जायचं. शांततेत पकडलं गेलं असतं, म्हणून त्या पळायच्या. मी शब्द दिला. त्यांनी मनगट सोडलं, आणि सासू सुनेला सहसा म्हणत नाही असं काहीतरी म्हणाल्या, "बस हतं. तुना दाखवतंय मी का हसतंय ती."

त्या दिवशी तो भाग मी पहिल्यांदा पाहिला. त्याआधी पंधरा वेळा नुसता ऐकला होता. पाहुणे येणार म्हणून घरातले एका आजोबांना बजावतात, तुम्ही आतच बसा, काही बोलू नका. आजोबांना फिरायला जायचं असतं. एक चप्पल पायात, दुसरी सापडत नाही. पुढे सगळा गोंधळ चालू असताना, थापांवर थापा मारल्या जात असताना, हा म्हातारा मागे चप्पल शोधत फिरतो. पलंगाखाली, फ्रीजमागे, एकदा तर पाहुण्यांच्या मिठाईच्या खोक्यात. एक शब्द बोलत नाही. चप्पल असते मुलाच्या बापाच्या पायाखाली. आजोबांना ती दिसते. पण बोलायचं नाही असं बजावलेलं! मग ते त्या पायाकडे नुसतं बघत राहतात, पाय हलेल म्हणून. तो माणूस पाय हलवतो आणि चप्पल घालूनच निघून जातो. लग्न ठरतं, घरात आनंदीआनंद, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. आजोबा कोपऱ्यात खुर्चीवर बसतात आणि दुसऱ्या पायातली चप्पल हळूच काढून ठेवतात.

मी हसून हसून बेजार झाले आणि शेवटी रडलेच. सासूबाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं. "बोलनाऱ्याकडं समदीच बगतात गो," त्या म्हणाल्या. "न बोलनारा काय करतो, त्ये बगायचा." मोठा विचार सांगतोय असा आव नव्हता. भाजी कशी निवडायची ते सांगावं तसं सांगितलं आणि वर, "चाय टाक," म्हणाल्या.

तेव्हापासून शुक्रवारची दुपार आमची दोघींची झाली. अंजूरच्या फेऱ्या कमी झाल्या. आम्ही आवाज बंद करून सगळ्या मालिका बघायचो. बातम्यासुद्धा! बातम्यांत बोलणाऱ्याच्या मागे उभे असलेले लोक काय करतात, हे कधी बघा. हसून पोट दुखतं. एरवी मी त्यांचा कान झाले. कुकरच्या शिट्ट्या मी बोटांवर मोजून दाखवायचे, दारावर कोणी आलं की पदर चाचपल्यासारखी खूण करायचे. विलास म्हणायचा, "तुम्हा दोघींचं बरंय, बोलतच नाही आणि भांडतही नाही." तो बिचारा कौतुकाने म्हणायचा.

मग माझी वेळ आली. मानकोलीजवळच्या एका शाळेतून मला शिक्षिका म्हणून बोलावणं आलं. सासूबाई सोडून मी कोणालाच काही बोलले नव्हते; पत्र विलासच्या हाती लागलं. रविवारी काकासासरे आले, दीर बसले, विलास बसला आणि माझ्या नोकरीवर चर्चा सुरू झाली. डबे कोण करणार? सासूबाई थकल्या की कांड्या कोण भरणार? मोठ्या घरची सून रिक्षाला उभी राहणार का? विलास म्हणत होता, तिला आवड आहे, पण. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचं ते 'पण' येत होतं. मी चहा देत होते. कप भरत होते, रिकामे उचलत होते, पुन्हा भरत होते. मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही कोणाला अडवलं नाही.

सासूबाई दाराशी बसल्या होत्या. पुरुषांच्या पाठी त्यांच्याकडे, त्यामुळे तोंडं दिसत नव्हती. चर्चेतला एक शब्दही त्यांना कळला नसणार. त्या माझ्याकडे बघत होत्या. अर्धा तास फक्त माझ्याकडे. मग त्यांनी बशी जमिनीवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिची चप्पल कुनाच्या पायाखाली हाय, ती बगा आदी!"

चर्चा थांबली. काकासासऱ्यांनी चक्क दोन्ही पाय उचलून खाली पाहिलं. दिरांनीही पाहिलं. विलास म्हणाला, "आई, चप्पल कुठून आली मध्येच?" कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी ट्रे हातात धरून त्या सगळ्यांसमोर हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. सासूबाई उठल्या. "सोमवारपासून ही शालेत जानार. कांड्या मी भरतंय, अजून हात हायेत मना." काकासासऱ्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्या तोवर वळून आत गेल्या होत्या. बहिऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, हा त्यांचा फायदा मी तेव्हा पाहिला. माझी नोकरी, माझी माणसं, मी आज जी काही आहे ती सगळी त्या एका वाक्यामुळे. याचे आभार मानायचे राहिले नाहीत, मी मानले. पण ते कधी पुरेसे वाटले नाहीत.

त्यांना दिलेला शब्द मात्र मला मोडावा लागला. मास्कचे दिवस होते. मी शाळेत मुलांच्या वह्या तपासत होते तेव्हा त्या न्हाणीघरात पडल्या. डावं मनगट मोडलं, डोक्याला टेंगूळ आलं. त्यांच्या दोन्ही मुलांनी दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तर विलास आणि दीर बाकावर डोकं धरून बसलेले. डॉक्टर म्हणत होते, आजी काहीच उत्तर देत नाहीत. नाव विचारलं, गाव विचारलं, नुसत्या बघत राहतात. मेंदूला मार असू शकतो, ठाण्याला हलवावं लागेल, तयारी ठेवा. दीर रडत होते. एवढा मोठा माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता.

मला एका क्षणात सगळं दिसलं. डॉक्टर, नर्स, मुलगे, सगळ्यांची तोंडं झाकलेली. त्या खाटेवर बसलेल्या, आजूबाजूला नुसते डोळे, आणि एकही ओठ नाही. कुनाला सांगू नको, असं त्या म्हणाल्या होत्या. मी शब्द दिला होता. आणि इकडे ही माणसं त्यांना शुद्ध हरपलेली ठरवून न्यायला निघाली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, मला आत सोडा. खाटेपासून चार पावलं मागे उभी राहिले, मास्क खाली ओढला आणि आवाज न काढता, खाली कारखान्यात बोलतात तसे नुसते ओठ हलवले, "आई, हे तुमचं नाव विचारताहेत."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, अंजूरचं आणि भिवंडीचं घर सांगितलं, दोन्ही मुलांची नावं, आठही लूममधला कुठला कधी घेतला तेही सांगितलं. मग डॉक्टरांकडे बोट करून मला म्हणाल्या, "याला सांग, म्होरं येऊन बोल. आन ती फडकी काढ."

डॉक्टर हसले. दारात उभे असलेले माझे दीर नाही हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "तिला ऐकू येत नाही?" ते म्हणाले. "कधीपासून?" मी सांगितलं. ते भिंतीला टेकले. आपलं गुपित फुटलं, हे सासूबाईंना कळलं. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिल्या. ठाण्याला न्यावं लागलं नाही, हात प्लास्टरमध्ये घालून त्यांना घरी आणलं. पण त्या कोणाशी बोलेनात. माझ्याशीही नाही. समोर गेले की डोळे मिटून घ्यायच्या. आता मुलगे आपल्याला वरच बसवणार, हे त्यांनी धरून टाकलं होतं. ते चार दिवस मला जड गेले. प्राण वाचवला म्हणायचा की घात केला, मला काही ठरवता येईना.

पाचव्या दिवशी दीर खालून वर आले. हात तेलाचे तसेच. आईच्या समोर मांडी घालून बसले आणि हाताला हात लावला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. दीर सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आई, तीन नंबर नीट चालत नाय. जॉबरला समजत नाय. तू येतेस बघायला?"

सासूबाईंनी दिरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उजवा हात माझ्यापुढे केला, उठव म्हणून. प्लास्टरचा हात गळ्यात, आणि बाई जिना उतरून खाली! तळहात तीन नंबरवर ठेवला. कारागिरांनी आपापली कामं थांबवून पाहिलं. मी जिन्यातच बसून बघत राहिले.

त्यानंतर तीन वर्षं त्या होत्या. गेल्या त्या झोपेत गेल्या, कोणाला त्रास न देता. आता मी वर्गात उभी राहते तेव्हा हात वर करणाऱ्यांकडे बघायच्या आधी शेवटच्या बाकाकडे बघते. तिथे कोणीतरी असतंच, चप्पल शोधणारं. वर्गातली मुलं मला चांगली शिक्षिका म्हणतात, त्याला डी.एड. कारण नाही. पण मला त्या गेल्या तिथे थांबायचं नाही. तीन नंबरनंतरच्या मंगळवारी थांबायचंय.

मालिका कधीच संपली होती, पण विलासने तो भाग मोबाईलवरून टीव्हीवर लावला. सगळे नेहमीसारखे बसले. त्याने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पडद्यावर ती बाई ते प्रसिद्ध वाक्य बोलून गेली, आणि आमच्या घरात ते कोणीच म्हटलं नाही. आजोबांनी मिठाईच्या खोक्यात हात घातला आणि दीर एकदम खिंकाळले. मग विलास. मग सगळेच. सासूबाई हसायच्या थांबल्या आणि एकेकाचं तोंड बघू लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आणि बाकीचे एकाच जागी हसत होते. शेवटी आजोबांनी दुसऱ्या पायातली चप्पल काढून ठेवली तेव्हा विलास डोळे पुसत त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"आई, हे आजोबा पहिल्यापासून होते यात?"

"म्होरंच व्हता रं," त्या म्हणाल्या. "तुमीच बगत नव्हता."

आणि त्यांनी पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि मला म्हणाल्या, "चाय टाक गो, समद्यांना."